सगळेच कॉल करतात, मग रेझ किती मोठा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा. कुडाळला मित्रांचा पोकरचा डाव बसतो. दोन टेबलं, पैसे न लावता, प्रत्येकाला १०,००० चिप्स, सुरुवातीचे ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पत्ते बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स, १००/२०० (स्मॉल आणि बिग) आणि बिग ब्लाइंडवाल्याची २०० अँटी, म्हणजे वरची सक्तीची भर. विचारणारे व्हिडिओ बघून शिकलेत. ते नेहमी अडीच ते तीन बिग ब्लाइंडचा रेझ करतात, म्हणजे बोली ५००-६०० वर नेतात, आणि दरवेळी चार-चार जण कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकून, सोबत येतात. राण्यांच्या जोडीचा एक डाव त्यांनी पूर्ण लिहून पाठवलाय. डिसेंबरात पणजीला टूर्नामेंट खेळायला जायचंय. तर अशा टेबलावर रेझ पाच-सहा ब्लाइंडपर्यंत न्यावा का, आणि पणजीत तेच चालेल का?

कुडाळात न्या. पहिल्या काही लेव्हलमध्ये, म्हणजे ब्लाइंड वाढत जाण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांत, तर बिनधास्त न्या. पणजीचं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी तुमचा डाव. दोघांनी लिम्प केलं, म्हणजे नुसते २०० टाकून आत आले. तुम्ही कटऑफवर, बटणाच्या (वाटणाऱ्याच्या जागेच्या) आधीच्या जागेवर, हातात राण्या, रेझ ६००. बटणवाला कॉल, स्मॉल ब्लाइंड पॅक, बिग ब्लाइंड कॉल, दोन्ही लिम्पवाले कॉल. पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, ३,३००, समोर चौघे. फ्लॉपवर, म्हणजे मध्ये उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, बादशहा, नव्वी, छक्की, त्यात दोन बदाम. तुम्ही १,२०० लावले, दोघे आले, टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, एकाने सगळं पुढे सरकवलं आणि तुम्ही राण्या टाकल्या. खाली तुमचं वाक्य: "कसल्याही पत्त्यावर कॉल करतात हो ही माणसं."

करतात खरं, पण या डावात त्यांचं फारसं चुकलेलं नाही. बटणवाल्याने ६०० टाकले तेव्हा पॉटमध्ये १,५०० होते. म्हणजे कॉल परवडायला त्याने साधारण २९ टक्के वेळा जिंकायला हवं. तो एकटाच जरा महागात आला. पण तो आला आणि मागच्यांचं स्वस्त झालं. बिग ब्लाइंडला २,१०० च्या पॉटसाठी फक्त ४०० टाकायचे होते, त्याला १६ टक्के पुरे. पहिल्या लिम्पवाल्याला २,५०० साठी ४००, म्हणजे १४ टक्क्यांच्या आत. दुसऱ्याला १२. या भावाला एकाच रंगाची अठ्ठी-सत्ती मीही टाकली नसती. सैल टेबलावर पहिला कॉल हा असा असतो, बाकीचे त्याच्या पाठोपाठ येतात. म्हणून रेझचा आकार ठरवताना डोळ्यासमोर ठेवायचा तो हा पहिला कॉल करणारा. तो थांबला तर मागचे दोघे बऱ्याचदा आपोआप थांबतात.

आता त्याच जागी १,२०० करून बघा. मूळ तीन ब्लाइंड, दोन लिम्पवाल्यांचे दोन, आणि टेबल सैल म्हणून वर एक, असे सहा ब्लाइंड. बटणवाल्याला आता २,१०० साठी १,२०० टाकायचे आहेत. ३६ टक्के लागतात, आणि मध्ये अजून चौघं बोलायची आहेत. समजा तो आणि बिग ब्लाइंड गेले, आणि दोन्ही लिम्पवाले आलेच. पॉट ४,१००, तुमच्यामागे ८,८००, समोर दोघे. पॉट आधीच्यापेक्षा मोठा आणि माणसं निम्मी. फ्लॉपवर बादशहा तरीही पडू शकतो. राण्या असताना फ्लॉपवर एक्का किंवा बादशहा येण्याची शक्यता ४१ टक्के आहे, ती कुठल्याही रेझने हलत नाही. पण तो बादशहा कुणाच्या तरी हातातल्याशी जुळला असेल ही धास्ती चौघांपेक्षा दोघांत खूपच कमी. शिवाय पॉटच्या जेमतेम दुप्पट चिप्स मागे उरल्यामुळे पुढचा निर्णयही सोपा होतो.

इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण बरेच जण या टप्प्यावर उलट्या बाजूला जातात आणि एक्के आले की दहा ब्लाइंड टाकतात. एक्क्यांची जोडी कुठल्याही पत्त्यांच्या एका माणसासमोर शेवटपर्यंत नेली तर ८५ टक्के वेळा जिंकते, दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६. चौघांसमोरचे ५६ ऐकायला वाईट वाटतात, पण पाच जणांच्या पॉटमध्ये सरासरी वाटा २० टक्क्यांचा असतो. नुसत्या चिप्सच्या हिशोबाने तो उत्तम सौदा आहे. तेव्हा सगळ्यांना हाकलणं हा उद्देश नाही. एक किंवा दोन माणसं, तुमच्याहून वाईट पत्त्यांवर, जास्त भाव देऊन आत यावीत, एवढं हवं. चौघे नकोत याचं कारण टूर्नामेंटचं आहे. गेलेल्या चिप्स परत येत नाहीत आणि चौघांसमोर फ्लॉपनंतर आपण कुठे उभे आहोत हे एक्क्यांनाही कळत नाही.

आपल्याकडची माणसं अशी का खेळतात हे मला तरी पत्त्यांच्या जुन्या सवयीत दिसतं. गणपतीत आरती-भजन आटोपलं की रात्रभर पत्ते, आणि पत्ते म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन पत्ती. बूट टाकायचा, ब्लाइंड खेळायचं, चाल देत राहायचं, शेवटी शो मागायचा. लवकर पॅक करणाऱ्याला भित्रा म्हणतात. तीन पत्तीत निदान हातातले पत्ते तेवढेच असतात. पोकरमध्ये अजून पाच पत्ते पडायचे असतात, त्यामुळे "फ्लॉप बघूक काय जाता?" हे वाक्य तिथे जास्तच पटतं. अशा माणसाच्या डोक्यात आत यायचं की नाही एवढाच प्रश्न असतो, कितीला हा नसतो. गणपती गेल्यावर पहिल्या बाजाराला सुरमई घ्यायला निघालेला भाव विचारतो तो सवयीने. घ्यायची हे त्याने घरीच ठरवलेलं असतं. अशा माणसासमोर ५०० आणि ९०० यांत त्याच्या दृष्टीने फरक नाही. तुमच्या पॉटमध्ये मात्र तो ४०० चा फरक पडतो, आणि चांगले पत्ते असताना ते ४०० सोडून देणं हा निव्वळ तोटा आहे.

पण प्रत्येकाचा एक भाव असतो जिथे तो थांबतो, आणि तो शोधणं हे पहिल्या दोन लेव्हलचं काम. तुम्ही पॅक केलेल्या डावांतही बघत बसा. रेझ ५०० असताना कोण आलं, ८०० असताना कोण आलं, १,००० ला कोण थबकला. मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीय. सैल खेळणारा रक्कम मोजत नाही, चिप्स मोजतो. १,००० ची एक चिप तो सहज फेकतो. १,२०० म्हटलं की हजाराची एक आणि शंभराच्या दोन अशा तीन उचलाव्या लागतात, हात चिप्सवर रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यात कधीकधी पॅकचा विचार शिरतो. म्हणून जेव्हा कॉल हवाच असतो तेव्हा मी एका चिपचा आकडा बोलतो. दोघांतला एक जावा असं वाटतं तेव्हा मोडका आकडा.

आता ज्याकडे तुमच्या प्रश्नात लक्षच गेलेलं नाही ते. रेझ मोठा केला की कुठल्या पत्त्यांवर रेझ करायचा तेही बदलतं. अडीच ब्लाइंडच्या रेझमागे एक तर्क असतो: कधी सगळे पॅक करतील आणि ब्लाइंड-अँटी फुकट मिळतील. तुमच्या टेबलावर ते होतच नाही. मग त्या आशेवर चालणारे पत्ते, म्हणजे एक्का-चौकी, राजा-नव्वी वेगवेगळ्या रंगांचे, गुलाम-अठ्ठी, हे सगळे सुरुवातीच्या जागांवरून काढून टाका. पाच ब्लाइंडचा रेझ करायचा तो दश्शीच्या वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम एकाच रंगाचे, राजा-राणी एकाच रंगाचे, अशांवर. बटणावर थोडं खाली यायला हरकत नाही. लहान जोड्या, पंजी-पंजी वगैरे, अशा टेबलावर मी रेझ करतच नाही. दोघे-तिघे आधी लिम्प करून आले असतील आणि सगळ्यांकडे चिप्स भरपूर असतील तर मीही २०० टाकून मागे जातो. जोडीला तिसरा पत्ता फ्लॉपवर लागण्याची शक्यता साधारण साडेआठात एक. लागला तर ही मंडळी शेवटपर्यंत चिप्स देतात, नाही लागला तर २०० गेले. तेच पत्ते घेऊन १,००० चा रेझ केला तर साडेआठातल्या साडेसात वेळा हजार गेले.

एक्का-राजाबद्दल वेगळं सांगतो कारण मोठा रेझ त्यालाच सर्वांत जास्त चटका देतो. फ्लॉपवर एक्का किंवा राजा लागतो तो जेमतेम तीनात एकदा. तीन माणसं सोबत आली आणि काही लागलं नाही, तर पुढे लावू नका. व्हिडिओंत दाखवतात तसं प्रत्येक फ्लॉपवर अर्धा पॉट लावणं हे पॅक करणाऱ्या लोकांसमोरचं शस्त्र आहे. ज्याने आठ-पाचवर सहा ब्लाइंड दिले तो अठ्ठी लागल्यावर काय म्हणून सोडेल?

चिप्स किती उरल्यात, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि पाच-सहा ब्लाइंडचा नियम इथेच मोडतो. ५० ब्लाइंड असताना सहा टाकले तर आठवा हिस्साही गेला नाही. पण लेव्हल चढत जातात. ब्लाइंड ३००/६०० झाले, तुमच्याकडे तेच सुरुवातीचे चिप्स थोडे वाढून १२,००० आहेत, म्हणजे फक्त २० ब्लाइंड. इथे पाच ब्लाइंडचा, ३,००० चा रेझ केलात आणि ब्लाइंडबाहेरच्या एकाने कॉल केला, तर पॉट ७,५०० आणि मागे ९,०००. आता एक बेट लावली की परतीचा रस्ता बंद. हातात राण्या असतील तर हरकत नाही, उलट तेच हवंय. पण एक्का-राणी असेल आणि फ्लॉप नव्वी-सत्ती-तिर्री पडला, तर तुमच्या एक चतुर्थांश चिप्स अशा पॉटमध्ये अडकल्या ज्यात तुम्हाला ना लावता येतं ना सोडवतं.

म्हणून माझा क्रम असा असतो. ५० ब्लाइंडच्या आसपास किंवा वर: चार ते पाच, अधिक प्रत्येक लिम्पवाल्यामागे एक, आणि पुढचे पत्ते पडताना आपल्याला आधी बोलावं लागणार असेल तर वर आणखी एक. ३० च्या आसपास: तीन-साडेतीन, अधिक लिम्पवाल्यांचे. २० ला आल्यावर आधी कुणी आत आलेलं नसेल तर सव्वादोन-अडीच, आणि कुणी लिम्प केलं असेल तर एक तर पॅक नाही तर सगळं पुढे. वरच्याच उदाहरणात दोघांनी लिम्प केलं असेल तर पॉटमध्ये २,७०० पडलेले आहेत. १२,००० ऑल-इन केले आणि सगळे गेले तर एका फटक्यात तुमच्या चिप्स २२ टक्क्यांनी वाढल्या. आणि सगळे जाणार नाहीतच, कुडाळात तर नाहीच, म्हणून ते ऑल-इन नव्व्यांच्या जोडीपासून वर आणि एक्का-राणी, एक्का-राजा यांवरच. सत्ती-छक्की एकाच रंगाची घेऊन ऑल-इन करायचं ते पॅक करणाऱ्यांसमोर. इथे एक्का-तिर्रीवाला तुम्हाला कॉल करेल आणि तो पुढे असेल. १२ ब्लाइंडच्या खाली आकाराचा प्रश्नच उरत नाही, ऑल-इन नाही तर पॅक.

सैल म्हणजे सगळे एकाच जातीचे नव्हेत. वर सगळं लिहिलं ते नुसतं कॉल करणाऱ्यांबद्दल. एखादा असा असतो जो कुठल्याही पत्त्यावर रेझ करतो आणि दुसऱ्याच्या रेझवर पुन्हा रेझ करतो. तो तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे तुमच्यानंतर बोलणारा असेल, तर उलटं करा. रेझ लहान ठेवा, दोन ब्लाइंडचा, आणि हात कमी पण दमदार निवडा. मोठ्या रेझने तो घाबरत नाही, फक्त त्याच्या पुढच्या उडीसाठी पॉट मोठा होतो. लहान रेझवर तो सात-आठ ब्लाइंड टाकेल, मग तुमच्या राण्या ऑल-इन. तो तुमच्याआधी रेझ करत असेल तर थ्री-बेट, म्हणजे त्याच्या रेझवरचा तुमचा रेझ, जरा मोठी करा. त्याच्या ६०० वर तुम्हाला त्याच्यानंतर बोलायचं असेल तर २,०००, आधी बोलायचं असेल तर २,६०० च्या आसपास. पुस्तकी सल्ल्यात एक्का-पंजीसारख्या पत्त्यांवर अधूनमधून थ्री-बेट टाकायला सांगतात. पॅक न करणाऱ्यासमोर ती फेकून देण्याची गंमत आहे. तिथे नव्व्यांची जोडी, एक्का-गुलाम, राजा-राणी हेच तुमचे थ्री-बेटचे पत्ते, कारण त्याच्या कॉलमध्ये यांहून वाईट भरपूर आहे.

आता पणजी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि पैशांचं पोकर चालवणारी मोठी अॅप थांबली. तिथे रात्रंदिवस खेळून तयार झालेली काही मुलं आता मांडवीतल्या कॅसिनो बोटींवरच्या टेबलांवर भेटतील. त्यांच्या शेजारीच वीकेंडला मुंबई-पुण्याहून मजेसाठी आलेला माणूस, जो कुडाळच्या मंडळींहूनही सैल. म्हणजे एकाच टेबलावर दोन बाजार. तिथे सरसकट पाच ब्लाइंड चालणार नाहीत. तुमच्यानंतर कोण बोलणार आहे ते बघून आकार ठरवा.

बिग ब्लाइंडवर कोण आहे याने सगळ्यात जास्त फरक पडतो. १००/२००, अँटी २००, तुम्ही बटणावर. रेझ ४०० केला तर बिग ब्लाइंडला कॉलसाठी १८ टक्के लागतात, ५०० केला तर २३, ८०० केला तर जवळजवळ ३२. तिथे विचार करून खेळणारा असेल तर ४०० किंवा ४५० ठेवा. तो बराचसा कॉल करेल, पण तुमचं नुकसान लहान राहील आणि तुम्ही त्याच्यानंतर बोलणार. तिथे पर्यटक असेल आणि तुमच्याकडे खरंच पत्ते असतील, तर ८००. तो १८ आणि ३२ यांतला फरक मोजत नाही. मात्र तुमच्या आणि पर्यटकाच्या मध्ये दोन तयार खेळाडू असतील तर मोठा रेझ टाळा. तुम्ही पर्यटकासाठी आमिष टाकताय हे त्यांना दिसतं, आणि ते पुन्हा रेझ करून तुम्हाला दोघांच्या मध्ये पिळतात. तीन ब्लाइंड पुरे.

कुडाळात तुम्ही चांगल्या हातावर मोठा आणि मध्यम हातावर लहान रेझ केलात तरी कुणी नोंद ठेवत नाही, हे खरं. पणजीत ते लगेच वाचतात. तिथे ज्या परिस्थितीत ज्या माणसासमोर जो आकार, तो सगळ्या हातांना तोच ठेवा.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये पहिले काही तास बाहेर गेलेल्याला पुन्हा पैसे भरून बसता येतं. तोवर सगळे सैल. ती मुदत संपली की तीच माणसं एकदम आखडतात, आणि बक्षिसाच्या जागा जवळ आल्या की आणखी. दुपारी "हा सगळ्याला कॉल करतो" अशी खूणगाठ बांधलेला माणूस रात्री नव्व्या पॅक करत असतो. त्याच्यासमोर दुपारचे पाच ब्लाइंड रात्रीही टाकत राहिलात तर तो येतो तो फक्त तुम्हाला मारणाऱ्या पत्त्यांवर. मुदत संपल्यावर रेझ दोन-सव्वादोनवर आणा आणि आता मात्र ब्लाइंड चोरायला सुरुवात करा. राजा-नव्वी, गुलाम-अठ्ठी जे कुडाळात काढून टाकायला सांगितले, ते इथे बटणावरून परत आणा.

शेवटचं अगदी व्यवहाराचं. घरच्या डावात चिप फेकली की सगळे समजून घेतात. मोठ्या टूर्नामेंटमध्ये तोंडाने काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर तो कॉल धरतात, रेझ नाही. दोन लिम्पवाल्यांनंतर राण्या हातात घेऊन १,००० ची चिप मुकाट्याने टाकलीत तर डीलर तुम्हाला ८०० परत देईल आणि तुम्ही तिसरे लिम्पवाले व्हाल. तसंच आधी ४०० आणि मग हात मागे नेऊन आणखी ८०० असं दोनदा टाकलं तर दुसरं ग्राह्य धरत नाहीत. आधी मोठ्याने बोलायचं, "रेझ, बाराशे", मग सावकाश चिप्स मोजायच्या.